धूळ, पिशवी आणि कात्रजचा घाट



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "आंब्याच्या दिवसांत, संध्याकाळच्या गार वाऱ्यात, कारखान्यातल्या धुळीच्या पिशव्यांवर कोण हो ऐकायला येणार?" शंका रास्त होती. आपण एवढे जण आलात, तेव्हा तिचे उत्तर आम्हांला द्यावे लागत नाही. मात्र आरंभीच सांगून टाकतो की आम्ही इतिहासकार नव्हे आणि इंजिनियर तर मुळीच नव्हे. दहावीनंतर शाळा सुटली आणि पुढचे शिक्षण एका ओतकामाच्या कारखान्यात, फेटलिंग खात्यात झाले. ओतून निघालेल्या लोखंडी भागाच्या कडा घासून साफ करायच्या, हे त्या खात्याचे काम. कायद्याची आणि इतिहासाची पुस्तके आम्ही वाचली ती युनियनच्या कचेरीत, रात्री, आणि बहुधा कुणाचा तरी खटला समोर होता म्हणून वाचली.

कात्रज म्हटले की पुणेकराला तळे आठवते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात येथील पाणी बांधीव नळातून पुण्यात, थेट शनिवारवाड्यापर्यंत नेले गेले. त्या योजनेतली एक गोष्ट आमच्या विषयाला फार जवळची आहे. तळी दोन होती. वरच्यात डोंगराचा गाळ बसायचा आणि निवळलेले पाणी खालच्यात यायचे. नळावर ठिकठिकाणी हवेसाठी उच्छ्वास बांधले होते. वाहत्या प्रवाहाची गती कमी केली की जड ते आपोआप खाली बसते, आणि मग उरलेल्याचा विचार करायचा, हे तत्त्व त्या कारागिरांना ठाऊक होते. आजच्या कारखान्यात धूळ धरण्याचे यंत्र असते, ज्याला आमचे कामगार डस्ट कलेक्टर म्हणतात, त्याचाही पहिला टप्पा हाच असतो. धुळीची हवा एका मोठ्या पेटीत शिरते, तिचा वेग मोडतो आणि जाड वाळू तळाच्या हॉपरमध्ये पडते. उरते ती बारीक धूळ. तिच्यासाठी पिशवी लागते.

कात्रजची दुसरी आठवण बोगद्याची. जोतीराव फुले हे समाजसुधारक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण ते व्यवसायाने कंत्राटदारही होते हे थोड्यांच्या ध्यानात असते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते भागीदार होते. कात्रजच्या बोगद्याचे व येरवड्याच्या पुलाचे काम या कंपनीच्या नावावर सांगितले जाते, आणि खडकवासल्याच्या धरणाला माल पुरवण्याचे कामही जोतीरावांनी केले. दगड फोडणारा, चुना भाजणारा, पाट्या वाहणारा मजूर त्यांनी पुस्तकातून नव्हे तर कामावर पाहिला. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या अंगावरच्या धुळीविषयी जो माणूस इतक्या पोटतिडकीने लिहितो, त्याने ती धूळ स्वतः खाल्लेली असते असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

आता या बोगद्याच्या धुळीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा. त्यात सिलिका आहे, पण ती इतर द्रव्यांशी बांधली गेलेली आहे. मोकळा स्फटिक, म्हणजे गारगोटी, त्यात अगदी थोडा. फुप्फुसाचा घात करतो तो हा मोकळा स्फटिक. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात १९३० व ३१ साली हॉक्स नेस्ट येथे एक बोगदा खोदला गेला. तेथील खडक सिलिकेने भरलेला होता. खणणारे बहुतेक काळे मजूर होते. कोरडे खणले आणि मजूर शेकड्यांनी मेले. १९३६ साली अमेरिकेच्या काँग्रेससमोर त्याची चौकशी झाली. आपल्या डोंगराची धूळ तितकी मारक नव्हे. पण ओतकामाच्या कारखान्यात जी वाळू वापरतात ती या डोंगराची नसते. ती गारगोटीची वाळू असते, मुद्दाम निवडून बाहेरून आणलेली, कारण तापलेल्या लोखंडापुढे तीच टिकते. म्हणजे निसर्गाने जी धूळ पुण्याच्या माणसाला फारशी दिली नव्हती, ती आम्ही ट्रकने आणून त्याच्या नाकाशी ठेवली. धुळीसाठी पिशवी निवडताना पहिला प्रश्न हाच असतो : ही धूळ कोणाची? त्याचे उत्तर डोळ्यांनी मिळत नाही.

जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातूनच आपल्या देशातील गिरणी कामगारांचे पहिले मोठे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे आले. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळवली. या सुटीची एक विचित्र साक्ष वैद्यकशास्त्रात आहे. कापसाच्या धुळीने छाती आवळते तो विकार बिसिनोसिस. त्याची खूण अशी की रविवारची विश्रांती झाली की सोमवारी कामावर येताच छाती घट्ट होते आणि आठवडा पुढे सरकतो तशी सैल पडते. लँकेशायरच्या कामगारांची पाहणी करून शिलिंग या डॉक्टरांनी १९५० नंतरच्या दशकात या विकाराच्या पायऱ्या ठरवल्या, त्या सोमवारच्या याच तक्रारीवरून. लोखंड्यांनी सुटी मिळवली नसती तर धुळीचा हा पुरावा आठवड्याच्या सात दिवसांत बुडून गेला असता.

पण लोखंड्यांच्या किंवा पुढे १९२८ च्या प्रचंड संपाच्या मागण्या काढून पाहा. तास आहेत, पगार आहे, सुटी आहे, मुकादमाची लाचलुचपत आहे. धूळ मागे राहते. आम्ही त्यांना दोष देत नाही. पोट रिकामे असताना छातीचा विचार कोण करतो? आणि त्या काळी धूळ धरता येते हेही फार थोड्यांना ठाऊक होते.

वास्तविक धरण्याची विद्या निघालेली होती. ती कोणासाठी निघाली हे पाहण्यासारखे आहे. १८५० च्या सुमारास अमेरिकेत जस्ताची पांढरी भुकटी रंगासाठी करू लागले. भट्टीतून निघणाऱ्या धुरातच माल असायचा, म्हणून तो धूर कापडी पिशव्यांच्या खोलीतून सोडून भुकटी गोळा करीत. कापडी पिशवीचा कारखान्यातला मान सुरू झाला तो असा, माल वाचवण्यासाठी. २ मे १८७८ रोजी मिनिआपोलिस येथे वॉशबर्न नावाची भली मोठी पिठाची गिरणी हवेत तरंगणाऱ्या पिठाचा भडका होऊन उडाली आणि अठरा माणसे मेली. त्यानंतर पिठाच्या गिरण्यांत धूळ ओढण्याच्या यंत्रांना जोर आला. हवा भोवऱ्यासारखी फिरवून धूळ वेगळी करणारे सायक्लोन यंत्र पुढच्या दशकात, १८८५ साली, पेटंट झाले. येथे इमारत वाचवायची होती. आधी माल, मग इमारत, आणि सर्वांत शेवटी माणसाचा श्वास, असा या विद्येचा क्रम आहे. इटलीचा रामाझ्झिनी नावाचा वैद्य १७०० सालीच सांगून गेला होता की रोग्याला त्याचा धंदा कोणता ते विचारा. विचारायला दोनशे वर्षे लागली, आणि आजही किती दवाखान्यांत विचारतात ते आपण जाणता.

आपल्याकडे १९४८ चा कारखाने कायदा आला, त्याच्या चौदाव्या कलमात धूळ होती. मालकाने धूळ कामगाराच्या श्वासात जाऊ नये अशी परिणामकारक व्यवस्था करावी, आणि धूळ ओढणारे तोंड ती जेथे निर्माण होते त्याच्या होईल तितके जवळ लावावे, असे ते कलम सांगत होते. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, सुरक्षिततेची माहिती मागण्याचा हक्कही कामगाराला मिळाला. त्या कायद्याची जागा आता नव्या संहितेने घेतली आहे. आम्ही सांगणार आहो ती हकीकत जुन्या कायद्याच्या काळातली, २००९ सालची.

कात्रजच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातला एक मध्यम कारखाना. नाव सांगत नाही. साच्यातून गरम माल बाहेर काढतात तेथे वाळूची वाफ आणि धूळ एकदमच उठते. ती ओढण्यासाठी डस्ट कलेक्टर होता, चौसष्ट बॅगांचा. आपण पिठाच्या गिरणीत पाहिले असेल, पीठ पडते त्या तोंडाला कापडाची लांब नळी बांधलेली असते. हवा कापडातून निघून जाते, पीठ आत राहते. येथे उलट. बॅग तारेच्या पिंजऱ्यावर चढवून टांगतात, धूळ बाहेरच्या अंगाला चिकटते आणि साफ हवा आतून वर जाते. मग ठराविक वेळाने वरून दाबाच्या हवेचा झटका देतात, बॅग थरारते आणि धुळीचे पूट खाली झडते. झटक्याची ही युक्ती १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत निघाली. त्याआधी यंत्र थांबवून पिशव्या झटकाव्या लागत, आपण घोंगडी झटकतो तशा.

बॅगा जुन्या झाल्या म्हणून बदलल्या. खरेदी खात्याने तीन भाव मागवले आणि सर्वांत कमी तो घेतला. यात पाप काही नाही, भाजी घेताना आम्हीही तेच करतो. मूळच्या बॅगा पॉलिएस्टरच्या जाड फेल्टच्या होत्या. हे कापड विणलेले नसते, सुयांनी टोचून टोचून ठासलेले असते. चौरस मीटरला साडेपाचशे ग्रॅम वजन, आणि वर पाणी झटकणारा लेप. नव्या आल्या त्या चारशे ग्रॅमच्या, बिनलेपाच्या. हातात धरून आम्हांला फरक कळला नाही, हे कबूल करतो. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही तोंडाला पोलादी कडीच्या, दोन्ही बरोबर बसणाऱ्या.

जून कोरडा गेला. जुलैत पाऊस लागला, आणि ओल्या वाळूच्या वाफेत बॅगांवरचे पूट भिजून लुकणासारखे बसले. यंत्राच्या अंगावर एक काटा असतो. बॅगेच्या बाहेरचा दाब आणि आतला दाब यांतील फरक तो पाण्याच्या इंचांत दाखवतो. आमच्या यंत्राला चार ते सहा इंच हे निरोगी माणसाच्या नाडीसारखे. तो नऊवर गेला. खाली कामाच्या जागी ओढ मरून गेली आणि धूळ माणसांच्या तोंडावर थांबू लागली. मग कुणीतरी शहाणपण केले, झटक्याच्या हवेचा दाब वाढवला आणि झटके दुप्पट केले. कापड पातळ, पिंजऱ्यांच्या तारा गंजलेल्या. बॅगा तारेवर घासून फाटू लागल्या. फाटलेल्या बॅगेच्या जागी नवी शिल्लक नव्हती म्हणून भोकावर पत्र्याची टोपी ठोकायची पद्धत पडली.

आम्ही तक्रार घेऊन गेलो तेव्हा साहेबांनी काटा दाखवला. तो पाचावर होता. बरोबर मध्यावर! आम्ही वरमून परत आलो.

शिवाजीमहाराजांनी १६६३ साली लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातला, त्याची दंतकथा आपण सारे लहानपणी ऐकतो. बैलांच्या शिंगांना पोत बांधून त्यांना कात्रजच्या घाटाकडे हाकलले, मोगल त्या उजेडामागे धावले आणि महाराज दुसऱ्या वाटेने सिंहगडी गेले. तेव्हापासून फसवणुकीला आपण कात्रजचा घाट दाखवणे म्हणतो. तो काटा म्हणजे आमचा कात्रजचा घाट होता. निम्म्या बॅगा चिकटून बंद झालेल्या, त्यांनी काटा वर न्यायचा. काही फाटलेल्या, त्यांनी खाली आणायचा. दोन रोगांची बेरीज होऊन नाडी उत्तम दिसत होती. साहेब लबाड होते असे आम्ही म्हणत नाही. बहुधा तेही पोतांच्या मागेच धावत होते.

भेद उघड केला तो आमच्या एका जुन्या फिटरने. रात्रपाळीला दिवे मालवून त्याने विजेरीचा झोत चिमणीच्या वाटेवर आडवा धरला. कौलांच्या फटीतून कवडसा येतो तेव्हा त्यात कण नाचताना दिसतात, तसे त्या झोतात कण उकळत होते. टिंडॉल नावाच्या आयरिश शास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास प्रकाशाच्या झोतात हवेतली धूळ अशीच दाखवली होती. आमच्या फिटरने टिंडॉलचे नाव ऐकले नव्हते.

वैद्य लोक औषधाची पूड वस्त्रगाळ करतात. कापडातून जे खाली पडते ते औषध, वर राहते ते टाकाऊ. कारखान्यात हिशेब उलटा आहे. कापडातून जे निसटते तेच विष. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा. पाचाच्या आतला कण नाकात, घशात अडत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो, आणि तो एकटा असला तर डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून 'हवा स्वच्छ दिसते' हे वाक्य आम्ही आता ऐकून घेत नाही.

यानंतर आम्ही बॅगांचा अभ्यास केला. विकणाऱ्यांकडे गेलो, दुसऱ्या कारखान्यांतल्या फिटरांकडे गेलो. शिकलो ते असे. हवेची उष्णता आधी मोजावी. सुती कापड ऐंशी अंशांच्या आसपास हार खाते, पॉलिएस्टर एकशे तीस-पस्तीसपर्यंत टिकते पण उष्णता आणि वाफ एकत्र आली की तेच कुजते, काचेच्या धाग्याचे कापड अडीचशेच्या पुढे जाते पण वाकवले की मोडते. धूळ ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची असेल तर विजेची ठिणगी साचू न देणारी बॅगच हवी, नाहीतर वॉशबर्नची गिरणी आठवावी. पिंजऱ्यावर बॅग थोडी सैल असावी. फार घट्ट असली तर झटक्याला थरारत नाही, फार सैल असली तर तारेवर घासते. घड्या घातलेली काडतुशे थोड्या जागेत पुष्कळ कापड बसवतात हे खरे, पण चिकट धूळ त्या घड्यांत जी बसते ती निघत नाही. आणि सर्वांत नवलाची गोष्ट ही की गाळण्याचे खरे काम कापड करीत नाही, त्याच्यावर बसलेले धुळीचे पातळ पूट करते. म्हणून नव्या बॅगा घातल्यावर प्रथम चुन्याच्या भुकटीचा हात द्यावा लागतो. निम्म्या जुन्या आणि निम्म्या नव्या कधी मिसळू नयेत. हवा आळशी असते, ती सारी नव्यांतूनच धावते आणि पहिल्या महिन्यात त्यांचा जीव घेते.

कापडाचे क्षेत्रफळ हा हिशेब मात्र आम्हांला फार उपयोगी पडला. एक बॅग सोळा सेंटिमीटर व्यासाची, तीन मीटर लांब, म्हणजे कापड दीड चौरस मीटर. चौसष्ट बॅगांचे शहाण्णव. पंखा तासाला दहा हजार घनमीटर हवा ओढण्यासाठी बसवलेला. मिनिटाचा भागाकार केला तर हवा कापडातून पावणेदोन मीटर वेगाने जायला हवी. कचेरीच्या वहीत सोळा भोकांवर टोप्या होत्या. उरल्या अठ्ठेचाळीस, आणि तेवढीच हवा न्यायची तर वेग गेला दोन पूर्णांक तीनवर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याने वाढला. एवढ्या वेगाने धूळ कापडाच्या पोटात रुतते, मग झटका काय करणार? टोपी फाटलेली बॅग बंद करीत नव्हती, शेजारच्या बॅगा फाडत होती.

आता आमच्या अपराधाचे सांगतो. आदल्या करारात आम्ही धूळभत्ता मिळवला होता, माणशी महिना दीडशे रुपये, आणि पाळी सुटताना गुळाचा खडा. गुळाने छातीतली धूळ निघते अशी समजूत. निघत नाही. त्या कराराच्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते. खात्यात माणसे अडतीस, म्हणजे भत्ता महिन्याला सत्तावन्नशे रुपये. चांगल्या आणि स्वस्त बॅगेतला फरक सत्तर रुपयांचा, चौसष्ट बॅगांचे चार हजार चारशे ऐंशी. एका महिन्याच्या भत्त्यापेक्षाही कमी. धूळ विकून पैसे घेण्याचे कलम आम्ही लिहिले होते आणि खाली सही आमची होती.

आमच्याच खात्यातला एक भोर तालुक्यातला गडी त्या वेळी क्षयाच्या गोळ्या दुसऱ्यांदा घेत होता. कोरडा खोकला, जिना चढताना दम. कोणत्याही डॉक्टराने त्याला धंदा विचारला नव्हता. अखेर मोठ्या इस्पितळात छातीचे चित्र पाहून सिलिकोसिस म्हणाले. त्याला औषध नाही, धुळीतून बाहेर पडणे एवढेच. तो बाहेर पडला, गावी गेला, आणि २०१२ च्या पावसाळ्यात वारला. वय एक्केचाळीस. त्याच्या छातीत गेली ती धूळ एका वर्षाची नव्हे, पंधरा वर्षांची होती, आणि त्यांतली बरीच वर्षे आम्ही त्याच्या शेजारी उभे होतो.

पुढच्या करारात आम्ही भत्ता वाढवून मागितला नाही. बॅगेचे वजन, लेप, पिंजऱ्याच्या तारा, झटक्याच्या हवेतले पाणी काढणारे यंत्र, आणि चौसष्टही बॅगा एकदम बदलणे, असे कलम लिहून दिले. आमच्यातच ओरड झाली. हातात येणारे पैसे सोडून पिशव्या कसल्या मागता, असे सभासदांनी तोंडावर विचारले, आणि पुढच्या निवडणुकीत आमची मते घटली. व्यवस्थापनाने तीन बैठकांनंतर कलम मान्य केले.

बॅगा बदलल्या त्या रविवारी आम्ही वर गेलो होतो. जुने पिंजरे खाली उतरवले, ट्यूबशीट झाडून घेतली आणि टोप्या काढून एका घमेल्यात टाकल्या. फिटरने घमेले खाली आणून मोजदाद केली. वहीत सोळा होत्या. घमेल्यात एकोणीस निघाल्या.